पालकांनी मदत करू नये

ज्या मुलाला वाचायला आवडतं त्याला पुस्तकाशी संबंधित वस्तू करायलाही आवडत असणार, हा शोध कुणी लावला ठाऊक नाही. ज्याला आंबे आवडतात त्याला आंब्याच्या पेट्या ठोकायलाही आवडतील, असं म्हणण्यापैकीच हे आहे. पण शाळा, उन्हाळी शिबिरं, वाढदिवसाला हस्तकलेचा खोका घेऊन येणाऱ्या आत्या आणि माम्या या सगळ्यांची त्यावर गाढ श्रद्धा असते. मूल वाचतंय ना? मग त्याच्या हातातलं पुस्तक काढून घ्या आणि त्याला बुकमार्क करायला बसवा.

आमची कन्या वाचते. म्हणजे समोर येईल ते वाचते. गोष्टींची पुस्तकं, आजीने जपून ठेवलेले जुने ‘किशोर’चे अंक, खोकल्याच्या बाटलीवरच्या सूचना, आणि लिफ्टमधली ‘कमाल सहा व्यक्ती’ ही पाटी, रोज, जाताना आणि येताना. तिच्या हातात पुस्तक असताना ‘जेवायला चल’ हे वाक्य तिच्यापर्यंत पोचायला साधारण भात निवेपर्यंतचा वेळ लागतो. अशा मुलीला कातर, डिंक आणि घोटीव कागद देऊन ‘काहीतरी छान कर हं’ म्हटलं, तर ती कागदाच्या पाकिटावर काय छापलंय ते वाचत बसते.

१५ ऑक्टोबर जवळ आला की मात्र सुटका नसते. डॉ. अब्दुल कलामांचा हा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरा होतो. कल्पना अगदी साधी आणि सुरेख आहे: मुलांनी त्या दिवशी अभ्यासाबाहेरचं काहीतरी वाचावं. पण नुसतं वाचणं हा काही उपक्रम होत नाही. त्याचा फोटो काढला तर मुलांची डोकी तेवढी दिसतात. तेव्हा आदल्या आठवड्यात पालकांच्या ग्रुपवर सूचना येते: ‘विद्यार्थ्यांनी स्वहस्ते तयार केलेला बुकमार्क आणावा. टाकाऊ वस्तूंपासून केल्यास उत्तम. पालकांनी मदत करू नये.’

हे शेवटचं वाक्य वाचलं की पालकांच्या अंगात येतं.

मग आदल्या रात्री साडेनऊला आमच्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात जी गर्दी असते ती पाहून परगावच्या माणसाला वाटेल की इथे काहीतरी फुकट वाटताहेत. दुकानदार मुरलेला आहे. तो वर न बघता विचारतो, “बुकमार्क ना? कितवी?” तिसरीला सॅटिनची रिबीन आणि टिकल्या, पाचवीला जाड पुठ्ठा आणि कुंदन, सातवीच्या पुढे ग्लू गन, असा त्याचा अभ्यासक्रम ठरलेला आहे. एका गृहस्थांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, “टाकाऊ वस्तू कुठे ठेवल्यात?” दुकानदार म्हणाला, “आतल्या बाजूला, दुसऱ्या कप्प्यात.” आणि तिथे त्या खरोखरच होत्या. आइस्क्रीमच्या काड्या, पन्नासचं पाकीट, ज्यांनी जन्मात आइस्क्रीम पाहिलेलं नाही. शहाळ्याचं तोंड न पाहिलेल्या नळ्या. बाटल्यांची नुसती झाकणं, रंगवार. टाकाऊतून टिकाऊ करायचं म्हणून आपण आधी टाकाऊ विकत आणतो, आणि दुसऱ्या दिवशी ते टिकाऊ टाकून देतो.

पुण्याच्या अरविंद गुप्तांनी आयुष्यभर उलटं केलं. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेला हा माणूस काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर मुलांना त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती शिकवतो. आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून उभी केलेली खेळणी हजारो मुलांनी हाताळली, मोडली आणि पुन्हा केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि हाच माणूस मुलांसाठी पुस्तकांचा ढीगच्या ढीग वेबसाइटवर फुकट वाचायला ठेवतो. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी की खेळणी त्यांनी खेळण्यांच्या जागी ठेवली आणि पुस्तकं पुस्तकांच्या. पुस्तकाला शेपूट, डोळे आणि लोकरीचा गोंडा लावलाच पाहिजे असं त्यांना कधी वाटलेलं दिसत नाही.

आमच्या घरी मात्र त्या रात्री बुकमार्कचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं. तो इंजिनिअर आहे. त्याने पोलादी पट्टी काढली, पुस्तकाची उंची मोजली, पुठ्ठ्याची जाडी मोजली आणि “साधारण किती वापर अपेक्षित आहे?” असं कन्येला विचारलं. ती सोफ्यावर आडवी होऊन वाचत होती, त्यामुळे हा प्रश्न अनुत्तरित राहिला. मग त्याने स्वतःच गृहीत धरलं की वापर जोरदार असणार आणि पुठ्ठ्याचे दोन थर घेतले. कडा घासल्या. वरून पारदर्शक टेप, बुडबुडा न येता. अकराच्या सुमाराला, बोटांना चिकटलेला गोंद सोलत, तो विजयी मुद्रेने सोफ्यापाशी गेला. कन्येने बुकमार्क हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “छान आहे बाबा. पण पुस्तक संपलं.”

यात तिचा काही दोष नाही. दोन तास कुणी तिला हाक मारली नव्हती.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य पुरुष डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. ग्रंथपाल मंडळी ते गायत्री मंत्रासारखे म्हणतात. त्यातला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवावा असा आहे. वाचकाकडून गोंडे करून घ्या असा सहावा नियम रंगनाथनांना सुचला नाही, आणि ते गणिती असल्यामुळे त्यांनी पूर्ण विचार केला असणार असं मी धरून चालते.

दुसऱ्या दिवशी शाळेत बुकमार्कांचं प्रदर्शन होतं. एकाला खरा दिवा होता, बटण दाबलं की लागणारा. एकावर थर्माकोलचं देऊळ होतं, कळसासकट. एक बुकमार्क एवढा भारदस्त होता की त्यात खुणेसाठी पुस्तक ठेवता आलं असतं. प्रत्येकाच्या मागे मुलाचं नाव आणि इयत्ता, मोठ्या माणसाच्या वळणदार अक्षरात. आपापल्या आईवडिलांच्या कलाकृतींसमोर उभी राहून मुलं एकमेकांना प्रामाणिकपणे विचारत होती, “तुझ्याकडे कोणी केला? आमच्याकडे काकाने.” बाईसुद्धा समजूतदार. त्यांनी पहिला क्रमांक दिला तो एका वेड्यावाकड्या, डिंकाने बरबटलेल्या पट्टीला, कारण ती नक्की मुलानेच केली होती. त्या मुलाची आई मात्र दिवसभर अस्वस्थ होती. तिला वाटलं, लोक म्हणतील घरात लक्ष देत नाहीत.

खरं म्हणजे वाचणारं मूल खुणेसाठी कधीच अडत नाही. हाताला लागेल ते पानात घालतं. आमच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाईंनी एकदा मला त्यांचा खण उघडून दाखवला. परत आलेल्या पुस्तकांतून निघालेल्या वस्तू त्या साठवून ठेवतात. बसची तिकिटं, रेशनच्या पावत्या, केसांच्या पिना, राखी, दुधाचा हिशेब, लग्नाची पत्रिका, कॅरमची सोंगटी (हे पुस्तक मिटत कसं होतं?), चपटी झालेली लवंग आणि एक आख्खा पापड. उडदाचा, न भाजलेला. त्या म्हणाल्या, “मॅडम, पापडवाला वाचक सगळ्यात चांगला. पान दुमडत नाही.” पान दुमडणाऱ्यांविषयी त्या जे म्हणाल्या ते इथे देता येणार नाही.

पान दुमडणाऱ्यांसाठी एक कागदी इलाज आहे आणि तो मला मनापासून पसंत आहे, कारण त्याला गोंद लागत नाही. पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्यायचा. कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, रुंद बाजू खाली. वरच्या टोकाचा फक्त एक पदर खाली पायापर्यंत आणायचा. मग डावं-उजवं टोक वर नेऊन त्या पदराच्या खिशात खोचायचं. झाली टोपी. पानाच्या कोपऱ्याला घातली की बसते. अनिल अवचटांच्या हाती हा कागद पडता तर त्यांनी त्याचा एव्हाना मोर करून तुम्हाला दिला असता. ओरिगामीचा त्यांना छंदच होता. आपल्याला टोपी जमली तरी पुष्कळ. ही टोपी आमच्या कन्येने पहिल्याच फटक्यात केली, आणि ज्या पानाला घातली त्याच्या पुढचं पान दुमडलं. का, तर टोपी चुरगळू नये म्हणून.

खुणेसाठी पिंपळपान करायचं काम आजीने अंगावर घेतलं. (आजी म्हणजे माझ्या सासूबाई. घरातल्या कुठल्याही उद्योगाला त्यांच्या लहानपणी एक जास्त चांगली आवृत्ती होती.) जाळीदार पिंपळपान सगळ्यांना आवडतं, पण ते कसं होतं याची हकिगत शुभेच्छापत्रांवर छापत नाहीत. पिकलेली, शाबूत पानं पाण्यात बुडवून ठेवायची. पंधरा दिवस, तीन आठवडे, पानाच्या मर्जीप्रमाणे. पाण्यातले जिवाणू पानाचा मऊ गर खातात, शिरांचं जाळं चिवट असल्याने ते मागे राहतं. मग जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने गर काढायचा, धुवायचं आणि पुस्तकात दाबून वाळवायचं. साध्या मराठीत सांगायचं तर हे सडवणं आहे. पहिल्या आठवड्यात बाल्कनीतून तळ्याकाठचा वास येतो. दुसऱ्या आठवड्यात तळ्याचा. त्यानंतर शेजारच्या काकू दार वाजवून विचारतात, “तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?” आमची पहिली बादली तयार होत आलेली असताना कामाच्या मावशींनी मोरीत ओतून, घासून, उपडी करून ठेवली. म्हणाल्या, “ताई, पार कुजलं होतं, बरं झालं मी बघितलं.” दुसऱ्या बादलीवर आजीने चिठ्ठी लावली: ‘हे मुद्दाम आहे.’

त्या बादलीतून तीन पानं धड निघाली. एक आजीने आपल्या ‘श्यामची आई’त ठेवलं. आता ते पुस्तक कुणी उघडायचं नाही, पान तुटेल. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात बसून जे पुस्तक लिहिलं ते आमच्या घरी पिंपळपानाच्या पहाऱ्यात आहे. कन्येने शेवटी त्यावर उपाय म्हणून वाचनालयातून दुसरी प्रत आणली.

आमच्या लहानपणी असलं काही करावं लागत नसे, असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खरं नाही. आम्हीही करत होतो. फक्त त्याला कुणी उपक्रम म्हणत नसे. वहीत मोरपीस ठेवून त्याला पेन्सिलीचा चुरा खायला घालायचो, पिल्लं होतील म्हणून. विद्येचं पान ठेवायचो, विद्या येईल म्हणून. पिल्लं झाली नाहीत. विद्येबद्दल घरातल्यांची मतं वेगवेगळी आहेत. आणि जूनमध्ये कव्हरं घालायचो. आता कव्हर तयार मिळतं, प्लॅस्टिकचं, पुस्तकाला मोजा चढवावा तसं चढतं. तेव्हा तो सगळ्या घराचा कार्यक्रम असे. दुपारी आई स्टोव्हवर खळ शिजवायची: मैदा, पाणी, गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळणं. कसर लागू नये म्हणून बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात. आमचे आजोबाही चिमूटभर घालायचे आणि मोरचूद विषारी असल्याने मग संध्याकाळपर्यंत ‘खळीचं भांडं कुठंय?’ एवढं एकच वाक्य घरात ऐकू येत असे.

खाकी कागद विकत आणायचा तो फक्त गणित, इंग्रजी अशा मानाच्या विषयांसाठी. बाकीच्यांना वर्तमानपत्र किंवा जुनं कॅलेंडर. वाण्याचं गुळगुळीत कॅलेंडर असेल तर मागची कोरी बाजू बाहेर यायची आणि पुस्तक प्रतिष्ठित दिसायचं. कालनिर्णय मात्र दोन्ही बाजूंनी छापलेलं. तारखा आत ठेवल्या तर मागचा मजकूर बाहेर. त्यामुळे माझ्या इतिहासाच्या पुस्तकावर वर्षभर कसल्याशा वड्यांची कृती होती आणि भूगोलावर सांधेदुखीवरचा लेख. पानिपत मला नीट आठवत नाही, बेसन किती घ्यायचं ते आठवतं. वर्तमानपत्राच्या कव्हरांची तऱ्हा आणखी वेगळी. बातमी पुस्तकाच्या कण्यापाशी तुटायची. ‘विहिरीत पडलेल्या बिबट्याने अखेर’ एवढंच माझ्या मराठीच्या पुस्तकावर होतं. पुढचा भाग आतल्या बाजूला दुमडून खळीने चिकटलेला. तोच अंक घेणारी दुसरी एक मुलगी वर्गात होती, तिच्या विज्ञानाच्या पुस्तकावर तो मिळेल या आशेने मी मधल्या सुट्टीत तिचं दप्तर उपसलं. तिच्याकडे हवामान निघालं. वाचायची गोडी लागण्याची कारणं शिक्षणतज्ज्ञ बरीच सांगतात, त्यात चुकीच्या जागी चिकटवलेलं कव्हर कुणी धरत नाही.

घरच्या घरी वाचनालय काढण्याचा प्रयोगही आमच्याकडे झाला. पुस्तकाच्या शेवटी कागदाचा खिसा चिकटवायचा, त्यात कार्ड, कार्डावर तारीख. शिक्का बटाट्याचा. बटाटा अर्धा कापून त्यावर अक्षरं उलटी कोरायची म्हणजे ती सुलटी उमटतात. नवऱ्याने आरसा लावून ती कोरली. सकाळी बटाटा सुकून आक्रसला आणि त्यासोबत वाचनालयही. उरलेला अर्धा बटाटा आजीने रश्श्यात टाकला. कन्येने एवढं मात्र केलं, की उशीर झाल्यास रोज एक रुपया दंड असा नियम लिहून फ्रिजवर लावला आणि ‘फास्टर फेणे’ बिछान्याखाली विसरलेल्या वडिलांकडून तो व्याजासकट वसूल केला.

आणि मग एका रविवारी, कुणीही सूचना पाठवलेली नसताना, एका कागदाचं पुस्तक झालं.

हे मी जरा सविस्तर सांगते, कारण या सगळ्या भानगडीत हीच एक गोष्ट अशी आहे की जिच्यात कन्येने स्वतःहून हात घातला. ए-फोरचा एक कागद. पाठकोरासुद्धा चालतो, कारण छापील बाजू आत दडते. तो लांबीत एकदा दुमडून उघडायचा. मग रुंदीत मध्यावर दुमडायचा, पुन्हा दोन्ही कडा मध्यावर आणायच्या, म्हणजे उघडल्यावर आठ घरं दिसतात. आता रुंदीच्या घडीवर दुमडून, घडीच्या बाजूने मधल्या रेषेवर पुढच्या घडीपर्यंत कातर चालवायची. तेवढीच. कागद उघडून लांबीत दुमडायचा आणि दोन्ही टोकांनी आत ढकलायचा. मधली चीर उघडते, अधिकचं चिन्ह होतं, आणि ते गुंडाळलं की आठ पानांचं पुस्तक हातात येतं. टाचणी नाही, दोरा नाही, गोंद नाही. नवऱ्याला भरून आलं. प्रत्येक पान ७४ बाय १०५ मिलिमीटर म्हणजे अचूक ए-सेव्हन आणि या मालिकेतला कुठलाही कागद मध्यावर दुमडला तरी लांबी-रुंदीचं गुणोत्तर तेच राहतं, हे त्याने आम्हाला दोनदा सांगितलं. कन्या तोवर लिहायला बसली होती.

मुखपृष्ठ झालं. दुसऱ्या पानावर ‘सर्व हक्क स्वाधीन. या पुस्तकातील मजकूर धाकट्या भावंडांनी विचारल्याशिवाय वापरू नये.’ (तिला धाकटं भावंड नाही.) तिसऱ्यावर अर्पणपत्रिका, ‘ज्यांनी मला मधेच हाका मारल्या नाहीत त्यांना’. त्याखाली मोकळी जागा. चौथ्यावर प्रस्तावना, पाचव्यावर लेखिकेचं मनोगत, सहाव्यावर अनुक्रमणिका, जिच्यात एकच प्रकरण होतं. आठवं पान मलपृष्ठ: ‘याच लेखिकेची आगामी पुस्तके’, एकूण नऊ नावं, आणि मूल्य पाच रुपये. गोष्टीसाठी सातवं पान उरलं. गोष्ट अशी: ‘एक राक्षस होता. त्याला वाचायचे होते. पण सगळे त्याला कागद कापायला लावत. म्हणून त्याने सगळ्यांना खाल्ले. मग त्याने वाचले.’

आजीने पाच रुपये मोजून पहिली प्रत विकत घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं, अनुक्रमणिकाही. “शेवट घाईत उरकलाय,” त्या म्हणाल्या. “आणि राक्षसाने आजीला पण खाल्लं का?”

“दुसऱ्या आवृत्तीत सांगते,” लेखिका म्हणाली.

दुसरी आवृत्ती सुधारित आणि वाढीव आहे. वाढ मूल्यात झाली आहे. आजी वाचली आहे, कारण ती गिऱ्हाईक आहे. मागणी बरी असल्याने घडी घालण्याचं आणि कातर चालवण्याचं काम बाबांकडे आहे, रंग भरणं माझ्याकडे, आणि ते चालू असताना लेखिका सोफ्यावर आडवी होऊन वाचत असते. चौथ्या आवृत्तीपासून दुसऱ्या पानावर आम्हा दोघांची नावंही छापून येऊ लागली आहेत. ‘काही घड्या वाकड्या असल्यास’ या शब्दांच्या पुढे.